जेकार्डाच्या पट्टीवरची चांदणी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे पत्र आले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती १९७९ सालच्या डिसेंबरातील चित्रकलेची खोली आणि तिथल्या लांब बाकांवर वाळत ठेवलेली नाताळची भेटकार्डे. त्या वेळी मी आठवीत होतो. माझ्या शेजारी बसणारा मित्र ख्रिस्ती होता आणि त्याच्या घरी देण्यासाठी मला नव्या पेठेतल्या दुकानातून एक छापील कार्ड आणायचे होते. चित्रकलेच्या बाईंनी ते ऐकले आणि मला थांबवले. नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतले, पण छापून झाल्यावर त्यातले रंग हातानेच भरावे लागले होते, हे त्यांनी आम्हाला सांगितले आणि पुढच्या तासाला सर्वांनी घरून भेंडी आणायला सांगितली.

भेंडी आडवी कापली की तिच्या कापावर पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. ती पोस्टर कलरमध्ये बुडवून ड्रॉइंग पेपरवर दाबायची. रंग पातळ झाला तर चांदणी पसरते आणि जाड राहिला तर मधल्या बियांच्या खळग्या बुजतात, म्हणून प्रत्येक छापाआधी भेंडी रद्दी कागदावर एकदा टेकवून घ्यायची, असा बाईंचा दंडक होता. त्याहून मोलाचे त्यांनी शिकवले ते कागदाची घडी घालणे. हाताने फाडून पाहिले तर कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा; सरळ फाटतो त्या दिशेलाच घडी घातली तर तिच्यावर तडे जात नाहीत. माझ्यासारख्या विणकराच्या घरातल्या मुलाला उभ्या-आडव्या धाग्यांची भाषा लगेच कळली. पट्टीच्या कडेने आधी हलकी रेघ दाबून मगच घडी घालायची ही सवय तेव्हापासून माझ्या हाताला जी लागली, ती आजतागायत आहे.

माझे वडील जेकार्डाच्या, म्हणजे नक्षी उतरवणारी यंत्रणा जोडलेल्या, मागावर सोलापुरी चादरी विणत. चादरीवरची नक्षी ज्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून उतरते, त्या त्यांनी मला कितीदा तरी दाखवल्या होत्या: एका पट्टीवरच्या भोकांनी आडव्या धाग्याची एक फेरी ठरते, आणि अशा कित्येक पट्ट्या दोऱ्याने एकामागून एक ओवल्या की मोर किंवा फूल उमटते. झिजलेल्या किंवा चुकीची भोके पडलेल्या पट्ट्या ते घरी आणत. त्यांतली एक मी बाईंना दाखवली आणि आमच्या वर्गाच्या कार्डांना तिथून वेगळेच वळण लागले. पट्टीचा बेताचा तुकडा कापायचा, भोकांतून कांडीवरचे उरलेले रंगीत सूत सुईने ओढून आठ टोकांची चांदणी भरायची, जिथे भोक नसेल तिथे दाभणाने पाडायचे, आणि तो तुकडा घडीच्या कागदावर मैद्याच्या खळीने चिकटवायचा. भोके सरळ ओळींत असल्यामुळे पाच टोके नीट जुळत नाहीत, आठ मात्र अचूक बसतात. बेथलेहेमच्या ताऱ्याला किती टोके होती हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही, असे मित्राने आम्हाला खात्रीने सांगितले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

पहिली पंधरा कार्डे वाया गेली. मी ती घरी कोनाड्यात रचून ठेवली होती आणि मैद्याच्या वासाने आलेल्या झुरळांनी दोन रात्रींत त्यांच्या कडा कुरतडल्या. गल्लीतल्या पुस्तकबांधणी करणाऱ्या काकांनी खळीत चिमूटभर मोरचूद शिजवायला सांगितले आणि ते विष असल्यामुळे स्वतःच समोर उभे राहून ती खळ करवून घेतली. उरलेल्या चार दिवसांत आम्ही सर्व कार्डे पुन्हा केली. पाकिटेही घरचीच होती. एक जुने पाकीट उलगडून त्याच्यावरून आकार गिरवला, आणि परगावी जायच्या पाकिटांची झडप न चिकटवता आत खोचली, म्हणजे ती बुक पोस्टाने कमी पैशांत जात.

नाताळच्या सकाळी मी मित्राच्या घरी गेलो. करंज्यांचे ताट पुढे आले, आलेली कार्डे खोलीभर बांधलेल्या दोरीवर टांगलेली होती. त्याच्या आजींना मोतीबिंदूमुळे जवळचेही नीट दिसत नसे. छापील कार्डांवर काय आहे हे त्यांना नातू वाचून सांगत असे. माझे कार्ड मात्र त्यांनी हातात घेतले, सुतावरून सावकाश बोट फिरवले आणि म्हणाल्या, ‘आठ आहेत रे बाळा, मोजली मी. गाठ मागच्या बाजूला घेतलीस, हे बरं केलंस.’ कार्ड त्यांनी दोरीवर टांगू दिले नाही, उशाशी ठेवून घेतले.

तेव्हापासून दर डिसेंबरात मी कार्डे करतो. एका माणसासाठी एकच, आणि ते करताना त्याच्याविषयीच विचार करतो. इतका वेळ आपण एरवी कोणाला देतो, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. मागांवर आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले आहेत आणि तिथे पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागत नाहीत. वडिलांनी आणलेल्यांपैकी माझ्याकडे अकरा उरल्या आहेत. त्यांतल्या दोन, आणि सोबत लाल सुताची एक कांडी, मी या मनोगताबरोबर शाळेच्या चित्रकलेच्या खोलीसाठी पाठवत आहे.