फुस्स आवाज आला की बोट आधी ट्रिगरवरून काढा

पिस्तूल शिकवणारे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट हातात अगदी भिनवतात, की ट्रिगर दाबला आणि बंदूक चालली नाही तर मॅगझिनला खालून थाप मार, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागं ओढ आणि परत फायर कर. चांगलं ड्रिल आहे, बाद काडतूस किंवा नीट न बसलेलं मॅगझिन असेल तर दोन सेकंदात काम होतं. पण हेच ड्रिल स्क्विबच्या वेळी, म्हणजे गोळी बॅरलमध्येच अडकलेली असताना केलं तर हातातच बॅरल फुटू शकतं, आणि माझं म्हणणं असं की हे दोन्ही एकाच दिवशी शिकवायला पाहिजे. थाप कधी मारायची हे सांगता ना, मग कधी अजिबात मारायची नाही हेही तेव्हाच सांगा.

स्क्विब म्हणजे ज्या काडतुसात दारू पडलीच नाही, किंवा अगदी नावाला पडली, किंवा तेलानं-ओलीनं खराब झाली. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पेटतो पण मागं दारूचा जोर नाही, त्यामुळं गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातून निघते, बॅरलमध्ये थोडी आत सरकते आणि तिथंच रुतून बसते. इथपर्यंत कोणालाही काही झालेलं नसतं, बंदूकही शाबूत असते. खरा घोळ पुढच्या राउंडला होतो. ती गोळी पूर्ण वेगानं येते, ९ एमएमची असेल तर सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर, आणि पुढं रस्ता बंद. मागून गॅस ढकलतोय, पुढं शिसं अडलंय, मग धातूला जागा मिळते ती फक्त बाजूला, आणि त्या ठिकाणी बॅरल फुगतं नाहीतर फाटतं.

फुगलेलं बॅरल एकदा हातात घेऊन बघाच. बाहेरून कधीकधी काहीच दिसत नाही, पण बोट फिरवलं की एका जागी बारीक उंचवटा लागतो, आणि उजेडाकडं धरून आतून बघितलं की रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या रेघांवर आडवी काळी कडी दिसते, जणू कोणी अंगठी बसवली. पिस्तुलाची स्लाइड तर कधीकधी त्या फुगवट्यावर अशी अडकते की हातानं हलत नाही. ते बॅरल बदलायचंच, "अजून चालतंय की" म्हणून वापरत राहणारे लोक आहेत, त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहत नाही.

ओळखायचं कसं? आवाज नेहमीच्या धडाक्याऐवजी फुस्स किंवा टप्प असा येतो. हे सगळे सांगतात, पण कानात प्लग, वर इयरमफ आणि शेजारी कोणी दणदणीत आवाजाची मॅग्नम चालवतंय अशा वेळी आवाजावर काय भरवसा ठेवणार. मला विचाराल तर कानापेक्षा हात खरं सांगतो. धक्का कमी लागतो, मनगटाला लगेच कळतं काहीतरी चुकलं. पिस्तूल असेल तर बहुतेक वेळा स्लाइड पूर्ण मागं जात नाही, पुंगळी बाहेर पडत नाही. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून किंवा रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या फटीतून जास्तीचा धूर येतो, कधी न जळलेल्या दारूचे कण हातावर पडतात. कागदावर नवीन भोक नाही हीसुद्धा खूण आहे, पण नेम चुकला असेल असं म्हणून माणूस ती सोडून देतो. आणि नुसतं क्लिक झालं, आवाजच नाही, तर तो वेगळा प्रकार, काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून बंदुकीचं तोंड टार्गेटकडंच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं.

पिस्तुलात एक सोय आहे, स्लाइड पूर्ण मागं गेली नाही म्हणून ते आपोआप थांबतं, पुढचा राउंड चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) घालायला तुम्हालाच हात लावावा लागतो. म्हणूनच ते थाप मारायचं ड्रिल घातक, कारण बंदुकीनं स्वतःहून दिलेला थांबा आपणच मोडतो. रिव्हॉल्व्हरला तो थांबाही नाही, ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरणार आणि पुढचा राउंड हजर. शिवाय सिलिंडर आणि बॅरलच्या मधल्या फटीतून थोडा गॅस निसटतो, त्यामुळं हलका राउंड अडकायची शक्यता तिथं जास्त. पूर्ण बॅरलमध्ये एकामागं एक गोळ्या ठासून बसलेली रिव्हॉल्व्हर कापून फोटो काढलेत लोकांनी, म्हणजे चालवणाऱ्याला पहिल्याच काय, दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही कळलं नव्हतं. कधीकधी गोळी अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी बॅरलमध्ये अडकते, मग सिलिंडर फिरतही नाही नि उघडतही नाही. अशा वेळी जोर लावायचा नाही.

अभिनेता ब्रँडन लीचं प्रकरण आठवत असेल, १९९३ सालचं. चित्रपटाच्या शूटिंगसाठी डमी काडतुसं करताना खऱ्या काडतुसांतली दारू काढली, पण चालू प्रायमर आत राहिला. त्यानं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या बॅरलमध्ये गोळी सरकून बसली, कोणी बॅरलमध्ये डोकावून बघितलं नाही, आणि नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं. ब्लँकमध्ये गोळी नसते पण दारू असतेच, तिनं अडकलेली गोळी बाहेर ढकलली आणि माणूस गेला.

आता कारणांकडं. कारखान्याच्या मालात स्क्विब निघतो पण क्वचित, जास्त करून हे घरी रीलोड केलेल्या, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या परत भरून केलेल्या काडतुसांचं दुखणं. हँडगनच्या काडतुसात दारू लागतेच किती, ९ एमएमला पाच ग्रेनच्या आसपास, म्हणजे एक ग्रॅमचा जेमतेम तिसरा भाग. रिव्हॉल्व्हरचं .३८ स्पेशल तर १८९८ च्या सुमाराचं, जास्त जागा खाणाऱ्या जुन्या काळ्या दारूच्या मापाची ऐसपैस पुंगळी, तिच्यात आजच्या टार्गेट लोडचे तीन ग्रेन तळाला कुठं जाऊन बसतात ते वरून दिसतही नाही. त्यातच शून्य पडलं तरी गोळी वर तशीच बसते, आणि दुप्पट पडलं तरी तशीच बसते.

बहुतेक वेळा हे प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (हँडलच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर एकेक काम करणारं भरायचं यंत्र) होतं, आणि तेही काम सुरळीत चालू असताना नाही. कुठंतरी पुंगळी तिरकी बसते, प्रायमर नीट जात नाही, आपण हँडल अर्धवट मागं घेतो, एक पुंगळी काढतो, बघतो, परत ठेवतो, आणि त्या भानगडीत कुठल्या पुंगळीत दारू पडली न् कुठल्यात नाही याचा हिशोब डोक्यातून जातो. माझा नियम सरळ आहे, प्रेस अडलं की त्यावरच्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करायच्या आणि पहिल्यापासून सुरू. मोठ्या पापडीची दारू असेल तर ती नळीत अडकून पूल बांधते, एका पुंगळीत काहीच पडत नाही आणि पूल सुटला की पुढचीत जास्तीची पडते. म्हणून एक स्क्विब निघाला की त्याच्यानंतर भरलेला राउंड जास्त दारूचा असू शकतो, हे फार कमी लोकांच्या डोक्यात येतं.

उपाय कंटाळवाणा आहे, गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत डोळ्यानं बघायचं. प्रेसवर छोटा एलईडी लावला की सोपं जातं, सिंगल स्टेजवाल्यांनी (एका वेळी एकच काम करणारं साधं प्रेस) ब्लॉकमध्ये, म्हणजे भोकांच्या पाटात, सगळ्या पुंगळ्या उभ्या करून टॉर्च मारायचा, एखादी कमी-जास्त असेल तर शेजारच्यांमुळं लगेच उठून दिसते. आरसीबीएस कंपनीची लॉकआउट डाय (प्रेसवर बसवायचा भाग) येते, दारूची पातळी चुकली की प्रेसच अडवते, डिलन कंपनीचा पावडर चेक आवाज करतो. चांगल्या वस्तू, पण त्या लावल्या म्हणून बघणं सोडायचं नाही. दारू निवडताना जरा फुगीर निवडा, म्हणजे अर्ध्याहून जास्त पुंगळी भरलेली दिसते आणि दुप्पट पडली तर बाहेरच सांडते. तयार काडतुसं काट्यावर तोलून स्क्विब शोधायचा सल्ला मिळतो, त्यात अर्थ नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो, मग हरवलेले चार ग्रेन त्यात सहज लपतात.

नेमबाजीच्या मॅचमध्ये रेंज ऑफिसर (नेमबाजावर लक्ष ठेवणारा पंच) ‘स्टॉप’ ओरडला तर वाद न घालता थांबा. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात त्याचा स्क्विबचा संशय खोटा निघाला तर स्टेज (मॅचची ती फेरी) परत शूट करायला मिळतो, पण तुम्ही स्वतःहून थांबलात तर मिळत नाही. तरीही थांबाच, स्कोअर गेला तर गेला.

अडकलेली गोळी काढताना बंदूक पूर्ण रिकामी, पिस्तुलाचं बॅरल वेगळं, आत थोडं तेल सोडायचं आणि बोअरच्या मापाच्या पितळी रॉडनं हातोडीचे हलके, सारखे ठोके. लाकडी दांडी नको, ती तिरकी चिरते आणि गोळीवर पाचर होऊन बसते, मग एकाचं काम दोनाचं. जमत नसेल तर गनस्मिथकडं द्या. गोळी निघाल्यावर बॅरल उजेडाकडं धरून ती काळी कडी आहे का बघायची. आणि त्या बॅचची उरलेली काडतुसं डब्यात परत ठेवू नका, घरचा माल असेल तर बुलेट पुलरनं एक-एक उघडून दारू तोलायची, आणि कारखान्याचा असेल तर खोक्यावरचा लॉट नंबर टिपून खोक्यासकट बाजूला ठेवायचा आणि कंपनीला कळवायचं.