उंच माणसासाठी सेकंडहँड फोर बाय फोर: आधी माणूस मोजा, मग गाडी

बाहेरून धिप्पाड दिसणारी गाडी आत बसलं की डोकं छताला टेकवते, आणि तिच्यापेक्षा वीतभर बुटकी गाडी सहा फूट पाच इंचाच्या माणसाला आरामात सामावून घेते. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, घेताना उंच माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. गाडीची उंची जमिनीपासून मोजतात, आणि त्यातला बराच भाग चाकं, ॲक्सल आणि चेसिस खाऊन टाकतात. शिडीसारख्या वेगळ्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बॉडी बसवलेली असेल तर पायाखालचा तळ त्या चेसिसच्या वर येतो. मग डोक्याला जागा राहावी म्हणून सीट तळाला चिकटवलेली असते, आणि चालवणाऱ्याला पाय पुढे पसरून, गुडघे वर काढून बसावं लागतं. मोनोकॉक बांधणीत, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असतो तेव्हा, तळ खाली उतरतो, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. पण हाही सरसकट नियम नाही. १९८४ ते २००१ या काळातली जीप चेरोकी मोनोकॉकच आहे, तरी तिचं छत बसकं आहे.

म्हणून गाड्या बघायला निघण्याआधी टेप घेऊन स्वतःला मोजा. नुसती उंची सांगून काही कळत नाही. १९५ सेंटिमीटरच्या दोन माणसांपैकी एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याचे पाय. पहिल्याला छताची अडचण, दुसऱ्याला सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेलची आणि स्टिअरिंगची. कडक स्टुलावर भिंतीला पाठ टेकून ताठ बसा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा आणि स्टुलाच्या बैठकीपासून त्या खुणेपर्यंत मोजा. ही तुमची बैठी उंची. एकाची ९६ भरेल, दुसऱ्याची १०२, आणि त्या सहा सेंटिमीटरवर गाडी जमेल की नाही ते ठरतं. मग त्याच स्टुलावर बसून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, आणि नेहमीचे बूट घालून टाचेपासून गुडघ्याच्या माथ्यापर्यंतची उंची. बुटाची लांबीही लिहून ठेवा, ती पेडलपाशी लागते.

कंपनीच्या माहितीपत्रकातला हेडरूमचा आकडा तुलनेपुरता चांगला, पण तो काय आहे हे माहीत हवं. बसलेल्या माणसाच्या कंबरेच्या सांध्यापासून, उभ्या रेषेच्या ८ अंश मागे झुकलेल्या रेषेवर छताच्या अस्तरापर्यंतचं अंतर घेतात आणि त्यात १०२ मिलिमीटर मिळवतात. म्हणजे हा सीटच्या गादीपासून छतापर्यंतचा सरळ आकडा नव्हे. लेगरूमचंही तसंच, घोट्यापासून कंबरेच्या सांध्यापर्यंतचं अंतर अधिक २५४ मिलिमीटर. त्यात तुमचा गुडघा स्टिअरिंगच्या रिंगला लागतो का, हे कुठेच येत नाही. ते गाडीत बसूनच कळतं.

बसण्याआधी सीट नीट तयार करा. वरचं जाड कव्हर आणि टेकायची उशी काढून टाका. सीट खाली घेण्याचा खटका असेल तर अगदी तळाला न्या. मग सीट मागे सरकवा आणि ती खरोखर शेवटच्या खाचेत गेली का ते वाकून बघा. आधीचा मालक मध्यम उंचीचा असेल तर रेलचा मागचा टप्पा वर्षानुवर्षं वापरलेलाच नसतो. तिथे वाळलेला चिखल, नाणी, पेनाची टोपणं, गालिच्याचे धागे घट्ट बसलेले असतात, आणि सीट दोन-तीन खाचा अलीकडेच अडते. टॉर्च मारून रेलच्या खोबणीत पाहा, मालकाची परवानगी घेऊन काडीने आणि व्हॅक्युमने ती साफ करा. तेवढ्याने चार-पाच सेंटिमीटर मोकळे होऊ शकतात. हे न करता एखादी चांगली गाडी नाकारली तर फार वाईट वाटावं असं ते नुकसान आहे.

याच्या उलट फसवणूक जुनी गादी करते. खूप चाललेल्या गाडीत चालकाच्या सीटचा फोम बसलेला असतो, कधी खालची स्प्रिंग किंवा पट्टी तुटलेली असते, आणि माणूस दोन-तीन सेंटिमीटर आत रुततो. डोक्यावर जागा मिळाल्यासारखी वाटते. पुढे पाठ दुखायला लागली की नवा फोम भरावा लागतो आणि ती जागा गायब. म्हणून शेजारच्या सीटवरही बसून बघा, तिचा फोम बहुधा कमी वापरलेला असतो. मात्र तिला उंची कमी-जास्त करण्याची सोय आहे का, ते आधी तपासा, नाहीतर तुलना चुकेल.

सनरूफ असलेली गाडी धड लांब असलेल्या माणसाने शक्यतो टाळावी. काच सरकायला लागणारी चौकट छताच्या आतून बसते आणि अडीच ते पाच सेंटिमीटर खाते. एकाच मॉडेलची सनरूफ असलेली आणि नसलेली अशा दोन्ही गाड्या सेकंडहँड बाजारात असतात, त्यातली साधी शोधा. जुन्या सनरूफचे पाणी निचरायचे पाइप तुंबले की पाणी अस्तरात आणि पुढच्या गालिच्यात उतरतं, हा वेगळाच ताप. विजेवर चालणारी सीटही तपासून घ्या. तिच्याखाली मोटर आणि यंत्रणा असते, त्यामुळे काही गाड्यांत ती साध्या सीटइतकी खाली जात नाही.

आता बसा. डोकं आणि छत यांच्यात उभी मूठ सहज जायला हवी. सपाट रस्त्यापुरतं चार बोटं चालून जातील, पण खडबडीत वाटेवर शरीर वर उसळतं आणि बाजूलाही हेलकावतं. डोकं दाराच्या वरच्या कडेकडे झुकवून बघा, तिथेच बहुतेक वेळा आपटतं. जागा कमी पडते म्हणून पाठ खूप मागे टाकून बसू नका. हात लांब पडतात, मान पुढे येते, आणि टक्कर झाल्यास पट्ट्याखालून शरीर घसरण्याचा धोका वाढतो.

पायांची परीक्षा तीन हालचालींत होते. ॲक्सिलरेटरवरचा पाय ब्रेकवर न्या: मांडी स्टिअरिंगच्या रिंगला घासते का, बुटाचा पुढचा भाग डॅशबोर्डच्या खालच्या पॅनलला अडकतो का. क्लच पूर्ण दाबून सोडा: गुडघा रिंगच्या आतून वर येतो की बाहेरून, आणि वळताना हाताच्या आड येतो का. मग क्लचचा पाय बाजूला ठेवायला जागा शोधा. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केस असतो, त्याच्यासाठी तळाचा मधला उंचवटा, म्हणजे बोगदा, फुगवलेला असतो, आणि तो फुगवटा काही गाड्यांत थेट पायाची जागा घेतो. ४६-४७ नंबरचा बूट तिथे तिरका ठेवावा लागला तर तासाभरात कंबर बोलायला लागते. ऑटोमॅटिकमध्ये यातली निम्मी अडचण संपते. पाय फार लांब असतील तर आम्ही सरळ ऑटोमॅटिक शोधायला सांगतो.

स्टिअरिंग वर-खाली होणं वेगळं आणि पुढे-मागे होणं वेगळं. बऱ्याच जुन्या गाड्यांत फक्त वर-खाली होतं. सीट मागे नेल्यावर स्टिअरिंग पुढेच राहतं, हात ताणले जातात, खांदे गादीवरून सुटतात. खांदे टेकलेले ठेवून मनगट रिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. गादीची लांबीही बघा: गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा हवी, वीतभर मांडी अधांतरी लोंबत असेल तर लांबच्या प्रवासात पाय बधिर होतात. गादीचं पुढचं टोक उचलता येत असेल तर ते मोठं वरदान.

सीट मागे गेली की दारामागचा खांब खांद्याच्या रेषेत किंवा त्याच्याही पुढे येतो. तिरक्या चौकात बाजूचं दिसत नाही, आणि पट्टाही खांद्याच्या पुढून येतो. इथे तीन दारांची आखूड गाडी बाजी मारते, कारण तिचं दार लांब असतं आणि खांब बराच मागे. समोरचंही बघा: डोळे काचेच्या वरच्या कडेच्या पुरेसे खाली हवेत, नाहीतर सिग्नल बघायला वाकावं लागतं आणि आतला आरसा नेमका समोरच्या वळणावर येतो. हेडरेस्ट पूर्ण वर ओढल्यावर त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याला पोचली तर उत्तम, निदान कानाच्या वर तरी हवीच. मानेखाली राहणारं हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मान वाचवत नाही. यावर तडजोड करू नका.

मॉडेलांबद्दल थोडं. जुन्या लॅन्ड रोव्हर डिफेंडरची प्रतिमा मोठी, पण चालकाच्या सीटच्या मागे अडथळा असल्याने सीट फारशी मागे जात नाही, आणि स्टिअरिंग दाराच्या इतकं जवळ की कोपर काचेला लागतं. १९८९ मध्ये आलेल्या डिस्कव्हरीचं छत पायरीसारखं उंच होतं, पण ती पायरी चालकाच्या मागे सुरू होते, लाभ मागच्यांना. मित्सुबिशी पजेरोच्या १९९९ मध्ये आलेल्या पिढीने वेगळी चेसिस सोडून मोनोकॉकमध्येच चौकट मुरवली, त्यामुळे तिच्यात बसणं सुसह्य आहे. टोयोटा लँड क्रूझर ८० ऐसपैस आहे, फक्त सनरूफवालीत बसून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. सुझुकी जिम्नीत डोक्याला जागा बरी, पण सीटचा रेल आखूड. वाट फार कठीण नसेल तर २००८ पासूनची सुबारू फॉरेस्टर जरूर बघा, फक्त बऱ्याच फॉरेस्टरना लो रेंज (कठीण वाटेसाठीचे हळू, जोरदार गिअर) नसते हे लक्षात ठेवा.

माणूस बसला, आता यंत्र. अनेक फोर बाय फोर गाड्या आयुष्यभर दोनच चाकांवर चाललेल्या असतात, आणि न वापरलेली यंत्रणा गंजून अडकते. माती किंवा खडीच्या मोकळ्या जागेवर फोर हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावा, डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत न राहता स्थिर लागला पाहिजे. गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलला आणून फोर लो (चारही चाकं, लो रेंज) लावा. दोन्ही मोडमध्ये थोडं पुढे-मागे चालवा. नंतर टू व्हीलवर येऊन स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. पुढच्या चाकातून टक-टक आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकापर्यंत ताकद नेणारा सांधा, संपत आलाय. ज्या गाडीत मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नाही ती कोरड्या डांबरावर फोरमध्ये वळवू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, तो ताण कुठेच सुटत नाही आणि ट्रान्सफर केसवर येतो.

कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मेकचे, एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. सुबारूची सूचना तर घेरात साधारण ६ मिलिमीटरहून जास्त फरक नको अशी आहे. दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर दिसले की पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या क्लचची शंका घ्या.

खाली वाकून पुढच्या-मागच्या ॲक्सलवरची दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे भरायचे बोल्ट उघडून तेल बघू द्या म्हणून सांगा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तापलेला ॲक्सल अचानक पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ॲक्सलची हवा ये-जा करायची नळी तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप चालतो, टोचणारे तुकडे नाही. प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) हाताने पिळून बघा, त्याच्या टोकाच्या क्रॉस सांध्यात ढिलाई असेल तर हाताला खट् लागतं. चेसिसचा मागचा भाग आणि स्प्रिंग जिथे बसतात त्या जागा छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला, किंवा ताजा जाड काळा लेप दिसला, तर लेपाखाली गंज आहे असंच धरून चाला. गालिचा उचलून सीटच्या बोल्टभोवतीचा पत्राही बघा. उंच आणि वजनदार माणूस शेवटच्या खाचेत बसतो तेव्हा मागच्या दोन बोल्टांवर जोर जास्त येतो.

थोडीच जागा कमी पडत असेल तर गाडी सोडायची गरज नाही. चांगला कारागीर फोम दोन सेंटिमीटर तासून देतो, मात्र त्यात गरम करायची जाळी नाही ना, ते आधी पाहा. काही मॉडेलांसाठी रेल मागे नेणाऱ्या तयार पट्ट्या मिळतात, त्या किमान ८.८ ग्रेडच्या बोल्टने बसवाव्यात. मूळ रेल कापून वेल्डिंग करू देऊ नका, धडकेत तोच जोड सुटतो. पट्ट्याचं बकल सीटला जोडलेलं असेल तर ते सीटबरोबरच सरकलं पाहिजे. सीटमध्ये एअरबॅग असेल तर खालचे पिवळे कनेक्टर असतात. बॅटरी सोडवून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. गुडघ्याला जागा व्हावी म्हणून एअरबॅगचं स्टिअरिंग काढून छोटं बसवणं तर नकोच.

आणि सस्पेन्शन उंच केलेली गाडी उंच माणसाला जास्त बरी, हा गैरसमज आहे. आत एक मिलिमीटरही वाढत नाही, उलट चढताना दाराच्या चौकटीखाली जास्त वाकावं लागतं.

पसंत पडलेली गाडी निदान अर्धा तास चालवा, पाच मिनिटांत सगळ्या गाड्या चांगल्याच वाटतात. उतरल्यावर कुठे कळ येते ते बघा: मानेत असेल तर छत कमी पडतंय, मांडीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर बोगदा किंवा दाराचा खण टोचतोय, खांद्यात असेल तर स्टिअरिंग लांब आहे.