आमची वाटचाल: सिम्युलेटर कसा निवडला

पॉवर सप्लाय आणि सेन्सर बोर्ड डिझाइन करणं हे आमचं काम. सिम्युलेटर, म्हणजे सर्किट बनवण्याआधी ते कसं वागेल हे संगणकावर काढणारं सॉफ्टवेअर, घेताना अट एकच होती: आजची फाइल पाच वर्षांनीही उघडली पाहिजे आणि उत्तर तेच आलं पाहिजे. एलटीस्पाइस फुकट आहे, उत्तमही आहे, पण त्याचा सोर्स कोड खुला नाही. म्हणून ते मागे ठेवलं.

झाइस हे दुसरं सिम्युलेटर अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी चालतं. ती ताकद प्रचंड मोठ्या सर्किटसाठी, आमच्या तीस-चाळीस पार्टच्या बोर्डाला तिची गरज नाही. क्यूक्स-एसमध्ये सर्किट काढायचं, गणित मात्र एनजीस्पाइस या खुल्या सिम्युलेटरकडूनच करून घेता येतं. मग थेट किकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं एनजीस्पाइसच घेतलं. ज्या स्कीमॅटिकवरून (सर्किटच्या आकृतीवरून) पीसीबी म्हणजे छापील बोर्ड होते, त्याच्यावरच सिम्युलेशन. सर्किट दोनदा काढावं लागत नाही. नेटलिस्ट (कोणता पार्ट कशाला जोडला याची यादी) साधा मजकूर असल्याने काय बदललं ते ओळीओळीने दिसतं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही एकच गोष्ट दाखवतो. रेझिस्टरपुढे '१एम' लिहिलं तर स्पाइस (एनजीस्पाइस ज्या घराण्यातलं) ते १ मिलिओम धरतं. मेगाओम हवा असेल तर '१मेग' लिहायचं. चूक दाखवणारा संदेश येत नाही, नुसतं उत्तर चुकतं. पिनांचंही तसंच: बीजेटी या ट्रान्झिस्टरचं मॉडेल (त्याच्या वागण्याचं गणिती वर्णन) कलेक्टर, बेस, एमिटर याच क्रमाने पिना मागतं, पॅकेजवरचा क्रम वेगळा असू शकतो.

दोन कपॅसिटरांमध्ये लटकलेल्या नोडला (जोडबिंदूला) ग्राउंडपर्यंत डीसी वाट नसते, म्हणून 'सिंग्युलर मॅट्रिक्स' हा चुकीचा संदेश येतो, म्हणजे गणित सुटत नाही. तिथून ग्राउंडला १ गिगाओमचा रेझिस्टर जोडावा.

'टाइमस्टेप टू स्मॉल' (वेळेची पायरी फारच लहान झाली) असा संदेश आला की बरेच जण लगेच 'रेलटॉल' (उत्तरात चालणारी सापेक्ष चूक) ०.००१ वरून सैल करतात. आमच्या मते तो अगदी शेवटचा उपाय. आधी पार्ट खऱ्यासारखे करा: कपॅसिटरला ईएसआर (त्याचा आतला रेझिस्टन्स), इंडक्टरला वाइंडिंगचा रेझिस्टन्स, पल्सला २०-५० नॅनोसेकंदांचा राइज टाइम (चढायला लागणारा वेळ). १०० किलोहर्ट्झच्या बक कन्व्हर्टरची (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटची) सायकल १० मायक्रोसेकंदांची. कमाल टाइमस्टेप १०० नॅनोसेकंद ठेवली की सायकलमागे निदान शंभर बिंदू मिळतात.

खरी अडचण मॉडेलची. एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) मॉडेल एनजीस्पाइस वाचत नाही, पीस्पाइस या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी लिहिलेल्यांना कम्पॅटिबिलिटी मोड लावावा लागतो. म्हणून पार्ट ठरवण्याआधीच मॉडेल उघडून बघतो. सिरॅमिक कपॅसिटरचा कपॅसिटन्सही छापील घालत नाही. डीसी व्होल्टेजखाली तो उतरतो, म्हणून डेटाशीटच्या आलेखावरून त्या व्होल्टेजला असणारा कपॅसिटन्स काढून तोच भरतो.