आधी शी मऊ, मग पॉट: लेकीच्या बद्धकोष्ठतेचा माझा अनुभव

आमच्याकडे डायपर सोडवायचा मुहूर्त मे महिन्याचा धरला होता. जूनमध्ये लेक प्लेग्रुपला जाणार होती आणि तिथे डायपर चालणार नव्हतं. शिवाय उन्हाळ्यात चड्ड्या तासाभरात वाळतात, मूल उघडं फिरलं तरी सर्दीची धास्ती नसते. शूचं तिला पटकन जमलं. शीचं मात्र असं अडलं की दिवाळी उलटली तरी घरातला सकाळचा पहिला प्रश्न "झाली का?" हाच होता. हे सविस्तर लिहितेय, कारण 'केळं द्या, पाणी पाजा' यापलीकडे बरंच काही असतं आणि ते आईबापांना वेळेवर कळायला हवं असं मला फार वाटतं.

सुरुवात एका कडक शीने झाली. नाशिकचा कडक उन्हाळा, तिच्या पोटात पाणी कमी जात होतं, त्यात पॉट नवा. मोठा, कोरडा खडा बाहेर येताना चीर पडली आणि शीच्या कडेला लाल रक्ताची रेघ दिसली. ती किंचाळली. त्यानंतर पॉट नुसता दिसला तरी दुसऱ्या खोलीत पळायची. अडीच वर्षांच्या जिवाला एवढंच कळलं होतं की शी आली की दुखतं, मग शी येऊच द्यायची नाही.

हे रोखणं कसं दिसतं ते सांगते, कारण ते पटकन ओळखू येत नाही. ती हॉलमधल्या पडद्यामागे जायची, सोफ्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि पाय एकमेकांवर आवळून चवड्यांवर उभी राहायची. चेहरा लालबुंद, वरच्या ओठावर घामाचे थेंब, सगळं अंग ताठ. कळ ओसरली की पुन्हा खेळायला. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, "किती कुंथतेय बिचारी!" मी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला. त्या म्हणाल्या, "ही कुंथत नाहीये, रोखतेय. कुंथणारं मूल गुडघे वाकवून खाली बसतं. हिचे पाय सरळ आहेत, आणि ढुंगण बघा कसं आवळून धरलंय."

मग त्यांनी आतलं गणित समजावून सांगितलं. मोठं आतडं शीमधलं पाणी शोषून घेतं. शी जितकी जास्त वेळ आत राहील तितकी ती कोरडी आणि मोठी होत जाते, पुढच्या वेळी आणखी दुखते, आणि मूल आणखी जोराने रोखतं. बरेच दिवस असं चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग तुंबलेल्या मोरीतून कडेकडेने पाणी झिरपावं तशी पातळ शी साचलेल्या गोळ्याच्या बाजूने निसटते. आमच्याकडे नेमकं हेच सुरू होतं. दिवसभर चड्डीला डाग लागायचे आणि सासूबाईंना ते जुलाब वाटत होते. तसं वाटणं साहजिकच आहे. पण अशा वेळी शी घट्ट करणारं काही दिलं तर आतला गोळा आणखी पक्का होतो. डॉक्टरांनी पोट चाचपलं तेव्हा डाव्या बाजूला खाली तो हाताला लागला.

एक्स-रे नाही, रक्ताच्या तपासण्या नाहीत. त्यांनी प्रश्न मात्र खूप विचारले. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का? हिरवी उलटी होते का? पोट फुगतं का? वजन, उंची वाढतेय ना? पायांत ताकद नीट आहे ना? यातलं काही वेगळं असतं तर पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. तिचं सगळं ठीक होतं, म्हणजे हा आतड्याचा आजार नव्हता. लहान मुलांमधली बहुतेक बद्धकोष्ठता अशीच असते. आणि ती तीन वेळा हमखास डोकं वर काढते: वरचं खाणं सुरू करताना, शीची सवय लावताना आणि शाळा सुरू होताना. आमच्याकडे त्यातल्या दोन लागोपाठ आल्या होत्या.

उपचाराची पहिली पायरी होती पॉट माळ्यावर ठेवायचा आणि डायपर परत बांधायचं. घरात हे सगळ्यांना जड गेलं. "आता कुठे सुटत होतं, पुन्हा कशाला?" पण भीती गेल्याशिवाय सवय लागत नाही, आणि दुखणं थांबल्याशिवाय भीती जात नाही. क्रम असाच आहे. प्लेग्रुपच्या ताईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, त्यांनी ती ठेवून घेतली आणि पुल-अप (चड्डीसारखं चढवायचं डायपर) घालून येऊ दिलं.

औषध म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर मिळाली, पाण्यात विरघळवून द्यायची. काही मुलांना लॅक्टुलोजचं गोड सिरप देतात. दोन्हींचं काम एकच, शीमध्ये पाणी धरून ठेवणं. ही पावडर अंगात जवळजवळ शोषली जात नाही आणि आतड्याला सवयही लावत नाही. 'सवय लागेल' ही धास्ती प्रत्येक घरात असते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. डोस वजनावर ठरतो, तो मी इथे लिहिणार नाही. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. सुरुवातीचे काही दिवस साचलेलं बाहेर काढण्यासाठी डोस जास्त होता. ते दिवस मी सुट्टी घेऊन घरी राहिले. सारखे कपडे बदलणं, सारखं धुणं, ढुंगणाला खोबरेल तेल लावणं. पण तिसऱ्यांदा शी होईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा आला आणि त्या संध्याकाळी ती ज्या भुकेने मऊ भात जेवली, ते पाहून सगळा शीण गेला.

या काळात सासूबाईंनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावायचं सुचवलं. त्यांच्या काळी घरोघरी हेच चालायचं, कुठे साबणाची कांडीही. साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "अहो आई, खालून काहीच नको. तिची सगळी भीती तिथेच आहे." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग तिचं खाणं माझ्याकडे दे."

आणि त्यांनी ते खरोखर हातात घेतलं. सगळ्यात मोठा बदल दुधाचा. बाटल्यांवर बाटल्या दूध पिऊन तिचं पोट भरलेलं असायचं, मग भाजी-भाकरीला जागाच नाही. बाटली बंद करून पेला आणला, आणि दिवसाचं दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवलं. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, रात्रभर भिजवलेले काळे मनुके, अंजीर, पपई, बिया काढलेला पेरू. मारी बिस्किटं घरात आणणंच थांबवलं. मुलाच्या वयात ५ मिळवले तर जितके येतात, तितके ग्रॅम चोथा (फायबर) दिवसाला पुरतो असा एक साधा हिशेब आहे. तीन वर्षांच्या मुलाला ८ ग्रॅम, आणि १०० ग्रॅम पेरूत साधारण ५ ग्रॅम असतो. म्हणजे हे आवाक्यातलं आहे. पण एकदा शी साचली की नुसत्या खाण्याने ती सुटत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की केवळ आहार बदलून उपचार सुरू करू नयेत, औषध हवंच. कुणी 'फळं द्या, औषध कशाला' म्हटलं की मी हे आवर्जून सांगते.

शी बरेच आठवडे मऊ राहिली, ती पडद्यामागे जायची थांबली, मगच पॉट खाली आला. तोही टप्प्याटप्प्याने. आधी डायपरमध्येच, पण बाथरूममध्ये जाऊन. मग डायपर घालून पॉटवर. मग डायपर सैल. प्रत्येक टप्प्यावर ती स्वतःहून तयार होईपर्यंत थांबायचं. वेळ जेवणानंतरची, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की पाच-एक मिनिटं बसायचं, झाली नाही तरी उठायचं. शाबासकी बसल्याबद्दल, शीबद्दल नाही. छोट्या पॉटवर पाय टेकतात आणि गुडघे वर येतात, उकिडवं बसल्यासारखं, ते उत्तम. कमोडवर पाय लोंबकळतात, म्हणून तिथे आम्ही देवघरातला जुना पाट पायाखाली दिला. आणि साबणाचे फुगे! फुंकर मारली की पोटावर आपसूक जोर येतो. "जोर लाव" असं एकदाही म्हणावं लागलं नाही.

आणखी एक नियम घरात सगळ्यांसाठी केला. तिच्यासमोर नाक दाबायचं नाही, "ई, घाण" म्हणायचं नाही. ज्या गोष्टीला सगळे तोंड वाकडं करतात ती मूल बाहेर कशी सोडेल?

दिवाळीनंतर जळगावला लग्न होतं. अनोळखी संडास, माणसांची वर्दळ, आणि रोखणं परत सुरू झालं. फोनवर डॉक्टरांनी काही दिवसांपुरता डोस वाढवायला सांगितला. गाडी रुळावर आली. असं मागे-पुढे होणार हे त्यांनी आधीच सांगितलेलं होतं. औषध निदान दोन महिने चालतं, त्रास पूर्ण थांबून निदान एक महिना गेल्यावरच ते हळूहळू कमी करतात. आमच्याकडे त्याहून बराच जास्त काळ लागला. मूल बरं दिसतंय म्हणून मध्येच बंद केलं तर ताणलेला गुदाशय पूर्ववत झालेला नसतो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

आता पावडर निम्म्यावर आली आहे, पुढची भेट संक्रांतीनंतर. फ्रिजवर एक वही लटकवली आहे. तारीख, शी झाली का आणि कशी, एवढंच लिहायचं. 'कशी'साठी ब्रिस्टलचा तक्ता वापरतो, त्यात १ म्हणजे सुटे कडक खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. ४ म्हणजे गुळगुळीत, मऊ. तुम्ही डॉक्टरांकडे जाणार असाल तर अशी आठवडाभराची नोंद आणि मूल पडद्यामागे उभं असतानाचा व्हिडिओ घेऊन जा. रक्त सारखं जात असेल, पोट फुगलं असेल, हिरव्या उलट्या होत असतील, ताप असेल किंवा वजन थांबलं असेल, तर मात्र नोंद करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.