समोरची जागा मोकळी ठेवून

सप्टेंबर लागला की चिलीच्या राजधानीत, सांतियागोत जिकडेतिकडे क्वेका ऐकू येते. १८ तारखेच्या राष्ट्रीय सणाची तयारी चालू असते. शाळेतली पोरं, ऑफिसातली माणसं, भाजीबाजारातल्या मावश्या, पांढरा रुमाल हाती आला की सगळे नाचतात. क्वेका हा चिलीचा जोडीचा नाच. तो हात पुढे करून तिला बोलावतो, दोघं चार पावलं फिरून येतात, मग समोरासमोर उभं राहून अर्धचंद्रासारखी वळणं घेत एकमेकांभोवती घुटमळतात. शेवटी टाचांचा दणका. आपल्या फुगडीसारखंच, एकटीनं होत नाही.

११ सप्टेंबरला संध्याकाळी घरमालकीणबाई मला नॅशनल स्टेडियमपाशी घेऊन गेल्या. कुंपणाच्या कडेनं मेणबत्त्याच मेणबत्त्या. १९७३ साली याच तारखेला जनरल पिनोचेतच्या लष्करानं राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि पुढचे जवळजवळ दोन महिने या स्टेडियममध्ये हजारो लोकांना डांबलं, छळलं. आत लाकडी बाकांचा एक भाग तेव्हाचा तसाच जपलाय. मॅचच्या दिवशीही तिथं कुणी बसत नाही.

गिटार सुरू झाली आणि सत्तरी ओलांडलेल्या एक बाई पुढे आल्या. काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, छातीवर पिनेनं लावलेला कृष्णधवल फोटो. फोटोतला मुलगा पंचविशीचा असेल. त्यांनी रुमाल उचलला आणि एकटीनंच क्वेका सुरू केली. मी बघत राहिले ते त्यांच्या वळणांकडे. जोडीदार नाही म्हणून त्यांनी घेर कुठेही आखडता घेतला नाही. आपलं अर्धं रिंगण त्या चालत होत्या, त्याचं अर्धं रिकामं ठेवत होत्या. आणि मान किंचित वर, त्याचा चेहरा जिथे असता बरोब्बर तिथे नजर. तो किती उंच होता हे मला त्या नजरेवरून कळलं. माझ्या घशात आवंढा आला.

याला क्वेका सोला म्हणतात, म्हणजे एकटीची क्वेका. पकडून नेल्यावर बेपत्ता झालेल्या कैद्यांच्या नातलगांच्या संघटनेतल्या बायकांनी लोकसंगीताचा गट उभा केला आणि ८ मार्च १९७८ला काउपोलिकान थिएटरात ती पहिल्यांदा सादर केली. पुढाकार गाला तोरेस यांचा. त्यांचा भाऊ बेपत्ता होता. हे पिनोचेतची हुकूमशाही ऐन भरात असताना, हे मला फार मोठं वाटतं. लगेच पुढच्या वर्षी सरकारनं क्वेकाला राष्ट्रीय नृत्य म्हणून जाहीर केलं. म्हणजे जो नाच सत्तेला देशाची शान म्हणून मिरवायचा होता, त्याच नाचात या बायका विचारत होत्या, आमची माणसं कुठे आहेत? पिनोचेतनं सत्तेवर राहावं की नाही यावरच्या १९८८च्या सार्वमतात, त्याच्याविरोधी प्रचारात ही क्वेका टीव्हीवरून घराघरांत पोचली. मार्च १९९०मध्ये लोकशाही परतली तेव्हा याच स्टेडियममध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षांसमोर, या बायका पुन्हा एकट्या नाचल्या. हजारावर माणसांचा आजही पत्ता नाही.

परतताना मेट्रोत आम्ही दोघी गप्पच होतो.

आठवड्यानं आमच्या इमारतीच्या अंगणात सणाचा नाच रंगला. बाईंनी माझ्या हाती रुमाल दिला आणि स्वतः माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी सारखी खाली बघत होते, पावलं चुकतील म्हणून. त्यांनी बोटानं माझी हनुवटी वर केली. "पायांकडे नको बघूस. समोर बघ. नजर सोडायची नाही."