हरिश्चंद्रगडावरून अवकाश स्थानक: संध्याकाळी कोकणकडा, पहाटे तारामती

हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेकडच्या कोकणकड्याजवळ तंबू देणारे काही जण 'सॅटेलाइट दाखवतो' म्हणून माणशी जादा पैसे मागतात आणि त्यासाठी दुर्बीण उभी करतात. अजिबात देऊ नका. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, दुर्बिणीच्या चिमुकल्या दृष्टिक्षेत्रातून ते क्षणात निसटतं. नुसत्या डोळ्यांना मात्र ते चांगल्या फेरीत, म्हणजे आकाश एकदा ओलांडून जाताना, शुक्राशी बरोबरी करतं. लुकलुकलं तर ते विमान.

खरी फसगत होते ती जागेची. स्थानक सूर्याच्या उजेडानेच चमकतं आणि साधारण ४०० किमी उंचीवर आहे, त्यामुळे सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासाने डोक्यावर येणारं स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरून ऐन आकाशात विझतं. संध्याकाळी ही सावली पूर्वेकडून चढते, म्हणून पश्चिम उघडी हवी: कोकणकडा उत्तम. पहाटे सगळं उलटं. स्थानक पश्चिमेला किंवा डोक्यावर अचानक पेटतं आणि पूर्वेला उतरतं. तेव्हा कड्यावर बसलात तर मागच्या चढामुळे निम्मी फेरी हुकेल. तारामती या गडाच्या सर्वोच्च शिखरावर जा. मंदिरापासून अर्धा-पाऊण तास, झाडीतून, अंधारात वाट नीट दिसत नाही; उजेडी एकदा पाहून ठेवा.

कड्यावर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: मान वर करून चालायचं नाही. काठापासून दहा-पंधरा पावलं आत बसा आणि फेरी संपेपर्यंत उठू नका. खालची भिंत आत वळलेली आहे, काठावर आधार कुठेच नाही.

गडावर चढायला पाचनईची वाट सोपी. खिरेश्वरहून तोलारखिंडीनंतरचा रेलिंगचा कातळ अंधारात टाळाच.

फेऱ्यांच्या वेळा देणाऱ्या 'हेव्हन्स-अबव्ह' या संकेतस्थळावर गडाचं ठिकाण टाका (१९.४ उत्तर, ७३.८ पूर्व) आणि वेळ भारतीय आहे ना ते तपासा. वेळांचा तक्ता त्याच दिवशी, पाचनईच्या रस्त्यावरचं राजूर सोडण्यापूर्वी उतरवून घ्या. वर रेंजचा भरवसा नाही आणि स्थानकाची कक्षा अधूनमधून उचलली जाते, आठवड्यापूर्वीच्या वेळा चुकतात. स्थानकाची क्षितिजापासूनची कमाल उंची ४० अंशांखाली असेल तर त्या फेरीसाठी गड चढू नका. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश; ध्रुवतारा इथे जेमतेम दोन मुठी वर असतो, त्यावरून अंदाज घ्या.

तक्त्यात हबल ही अवकाश दुर्बीण दिसली तर ती सोडू नका! तिची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आहे. लंडनच्या आकाशात ती उगवतच नाही, आपल्याकडे थेट डोक्यावरून जाते.