निळा दिवा

कागद तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. शिरवळच्या एका कंपनीत बारा वर्षं व्हाउचर तपासतेय. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात कुणी फारशी काळजी केली नाही, आणि मी तर अजिबातच नाही.

नोव्हेंबर २०२१. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका निवृत्त काकांची गाडी, २०१२ ची, पेट्रोल, एकाच मालकाकडची. (कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही.) मी आरसी पाहिलं, इंजिन आणि चासी नंबर ताडून पाहिले, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर काकांच्या सह्या घेतल्या. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा म्हणून मोबाइलवर आठवण लावली. टायरवरचे आकडेसुद्धा वाचले: ३२१८, म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही आरटीओत आहात का?" मला गुदगुल्या झाल्या. मग त्यांनी बॉनेट उघडलं, मी आत वाकून बघितलं आणि जाणकारासारखी मान हलवली. १ लाख ८५ हजारांना सौदा झाला.

पहिल्या महिन्यात किरकोळ कटकटी निघाल्या. मागच्या दाराची काच अर्ध्यात अडकायची, खड्ड्यात गेलं की पुढून डावीकडे कट्ट आवाज यायचा. चाकाजवळच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे रबरी सांधे, बदलले, आवाज गेला. जुन्या गाडीत एवढं चालायचंच.

पण इंजिन? इंजिनाचं मी येईल-जाईल त्याच्याजवळ कौतुक करायची. आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, नुसता दिवा आहे. इंजिन गार असेल तर निळा, जास्त तापलं तर लाल. सकाळी वाईतून निघाले की निळा दिवा थेट वाटेतल्या कवठ्यापर्यंत तेवत असायचा. कधी कधी तर सुरूर फाट्यावर हायवेला लागेपर्यंत. मला वाटायचं, काय थंड डोक्याची गाडी आहे! किल्ली फिरवली की पुढचा पंखा लगेच घरघरायला लागायचा, तेही मला दक्षतेचं लक्षण वाटलं. बॉनेटखालच्या पाण्याच्या बाटलीत लालसर पाणी दिसायचं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, लाल रंगाचंही असतं असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तिथेही मनात टिकमार्क केला. पातळी कमी झाली की घरच्या फिल्टरचं पाणी घालायची. अ‍ॅव्हरेज मात्र तेराच्या वर जाईना. त्याचं खापर मी स्वतःच्या चालवण्यावर फोडलं.

हिवाळा असाच गेला. आमच्या रस्त्याची तेव्हा गंमत अशी की सकाळी पुण्याच्या दिशेला जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा आणि संध्याकाळी परतताना घाट चढावा लागायचा. थंडीत एसी लावायची गरजच पडली नाही, गाडी बिनबोभाट चढायची.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी घाटात दोन ट्रक बंद पडले होते. रांग इंचाइंचानं सरकत होती, एसी पूर्ण चालू, शेजारी सासूबाई. त्या शिरवळला नणंदेकडे आल्या होत्या. खामजाईच्या मंदिराच्या अलीकडे लाल दिवा लुकलुकायला लागला. माझा त्या निळ्यावर इतका विश्वास की मला आधी वाटलं दिवाच बिघडलाय. दोन वळणांनी बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा बाजूला घेतली.

मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर धावत आला. "झाकण उघडू नका ताई, तोंड भाजंल!" अर्धा तास थांबायला लावलं, मग स्वतःच्या कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं आणि सांगितलं, "एसी बंद, हीटर फुल, काचा खाली." हीटर इंजिनातलीच उष्णता आत ओढतो, तेवढीच त्याला मदत. एप्रिलच्या उकाड्यात हीटर लावून आम्ही दोघी सासू-सुना घाट चढलो. सासूबाईंनी पदरानं वारा घेत एवढंच विचारलं, "कागद सगळे बघितले होतेस ना गं?"

लाल दिवा परत लागला तेव्हा थांबायला हवं होतं. घर जवळ आलंय म्हणून मी तशीच रेटली. त्या हट्टाचं बिल पुढे आलं.

दुसऱ्या दिवशी वाईतल्या मिस्त्रींनी तेलाचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. आत ताकासारखा पांढरट थर. पाणी तेलात मिसळलं होतं, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी, गेलं. मग त्यांनी विचारलं, "वाफ आली तेव्हा गोडसर वास आलता का?" नव्हता आला. "मंग कूलंट नव्हतंच त्यात. हे बघा." बाटलीतलं ते लालसर पाणी त्यांनी पांढऱ्या मगात ओतलं. गंज. बिनदुधाच्या चहासारखा दिसत होता.

त्यानंतर पाइप सोडवून त्यांनी थर्मोस्टॅट वॉल्व बसतो त्या खोबणीत बोट घातलं आणि हसले. "ताई, ह्यात वॉल्वच न्हाय की."

थर्मोस्टॅट वॉल्व म्हणजे इंजिन आणि रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) यांच्यामधली झडप. इंजिन गार असेतो बंद राहते, पाणी आतल्या आत फिरून लवकर गरम होतं. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ती उघडते आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन गेलं की काही गॅरेजवाले ही झडपच काढून टाकतात आणि पंखा डायरेक्ट, म्हणजे किल्ली फिरवली की कायम चालू, करून देतात. गावात फिरणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं. मूळ दुखणं, म्हणजे गंजानं अर्धा तुंबलेला रेडिएटर, तसंच राहतं. आणि झडप नसल्यानं पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कायम गार, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर त्याला कायम जास्त पेट्रोल पाजतो. माझं तेराचं अ‍ॅव्हरेज ते हे.

हेड उतरवलं. मिस्त्रींनी सरळ पट्टी आडवी ठेवून त्याखाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवून दाखवली. जिथे कागदही जाऊ नये तिथे पाती आरामात गेली. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. अति तापलं की दोन्ही सारखे फुगत नाहीत आणि हेड वाकडं होतं. ते फेसिंगसाठी, म्हणजे घासून सपाट करायला, साताऱ्याला गेलं. नवा रेडिएटर, वॉटर पंप, गॅस्केट सेट, तेल, खरं कूलंट, पंख्याचं वायरिंग पूर्ववत, मजुरी: २३,१०० रुपये. त्यात झडपेचे ९००.

काकांना फोन केला. भांडायच्या तयारीनंच. ते म्हणाले, "अहो, आमच्याकडे एकदा गरम झाली होती, गॅरेजवाल्यानं नीट करून दिली. नंतर कध्धीच नाही." त्यांची गाडी मंडई, बँक आणि काकूंचा दवाखाना यापलीकडे गेलीच नव्हती. खोटं बोलले असं मला वाटत नाही. नवऱ्याला वाटतं. यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सासूबाईंचं मत वेगळंच. "पत्रिका जुळली म्हणून कुणी मुलाचा खोकला ऐकायचं सोडतं का?"

आता अ‍ॅव्हरेज सतराच्या आसपास आहे. सकाळी पुढे बसल्या की सासूबाईंची नजर रस्त्यावर नसते, दिव्यावर असते. गल्लीतून निघून वाईची वेस ओलांडायच्या आत त्या जाहीर करतात, "गेला गं निळा." मग चष्मा काढून पर्समध्ये ठेवतात आणि झोपतात.